उधारीची गल्ली

बल्लारपूर, घुग्घुस, माजरी ही चंद्रपूरकडची कोळशाची गावं. तिथल्या पेठेला पगाराची तारीख पाठ असते. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स उभी राहिली आणि कामगाराचा पगार महिन्याच्या महिन्याला ठरून गेला. किराणावाला, कापडवाला, सायकलवाला, व्याजाने पैसे फिरवणारा, सगळ्यांची नजर त्या एका दिवसावर. त्या महिन्यात खाणीतून किती कोळसा निघाला याच्याशी दुकानदाराला फारसं देणंघेणं नाही. पगार झाला की पेठ गजबजते, पंधरवडा उलटला की सुस्तावते.

घनसावंगीच्या बाजारगल्लीला अशी तारीख कधीच मिळाली नाही. जालन्याहून अंबडमार्गे इकडे यायचं, दोन्ही बाजूंना काळी रानं, दक्षिणेला गोदावरी. इथे पैसा येतो तो कापसाच्या वेचणीला, मोसंबीच्या बहराला, उसाच्या बिलाला आणि गेली काही वर्षं नदीतल्या वाळूला. कधी येणार, किती येणार, हे आभाळ ठरवतं, व्यापारी ठरवतो, सरकार ठरवतं. ज्याला पैसा मिळायचा तो मात्र वाट बघतो. अशा गावात दुकान मांडायचं तर नुसता माल भरून भागत नाही. दुकानदाराच्या अंगी आठ-आठ महिने थांबायची ताकद लागते. माझ्या मते जुन्या बाजारगल्लीत सगळ्यात जास्त खपलेली वस्तू म्हणजे उधारी. गूळ, शेंगतेल, मांजरपाट आणि रॉकेल हे तिच्यामागून आलं.

तालुक्याच्या गावाची पेठ म्हणून मोठी कमान वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. घनसावंगी तालुका झालं तेच मुळी उशिरा. १ मे १९८१ ला औरंगाबादेतून जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हाही घनसावंगी अंबड तालुक्यातच होतं, तालुक्याचा दर्जा नंतर आला. त्यामुळे इथली पेठ कचेरीच्या आधाराने वाढलेली नाही. ती वाढली खेड्यांच्या गरजेवर. दोन्ही बाजूंना मातीच्या जाड भिंतींची, धाब्याची घरं. पुढे दगडी ओटा, आत दुकान, मागे राहतं घर, आणि मधे धान्याच्या पोत्यांची खोली. दुकानाला शटर नसायचं. लाकडी फळ्या असायच्या, त्यांवर कोळशाने किंवा खडूने आकडे घातलेले, आणि त्या आकड्यांच्या क्रमानेच खाचेत सरकवाव्या लागत. सकाळी फळ्या काढल्याचा खडखडाट ऐकून गल्ली जागी व्हायची. शेवटची फळी बाजूला झाली की दुकानदार उंबऱ्यावर पाणी शिंपडी, गल्ल्याला नमस्कार करी आणि गादीवर बसे. पहिलं गिऱ्हाईक रोखीचं असावं असा सगळ्यांचाच आग्रह असे. भवानी उधारीची झाली तर दिवस वाया, अशी समजूत. त्यानंतर दिवसभर जवळजवळ सगळाच व्यवहार उधारीचा चाले, ते वेगळं.

ओट्यावर कोण बसणार आणि कोण खाली रस्त्यावर उभं राहून मागणी सांगणार, हेही ठरलेलं होतं. जुन्या बाजाराच्या आठवणी सांगताना हा भाग बहुतेकांच्या बोलण्यातून गळतो. काही गिऱ्हाइकांची पुडी हातात न देता वरून टाकली जाई, पैसे ओट्याच्या कडेला ठेवून घेतले जात. वहीत मात्र त्या घरांचीही पानं होती, आणि पुष्कळदा ती सगळ्यात जास्त भरलेली असत.

बाजाराच्या दिवशी गल्लीचं रूप पालटे. आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या येत. मोकळ्या जागेत पालं पडत, तहबाजारीची पावती फाडणारा माणूस फिरे. मणियार चाच्यांच्या हाऱ्यात बांगड्या, बागवानांकडे केळी आणि मोसंबी, तांबोळ्याकडे पानं, पिंजाऱ्याची धनुकली, कलईवाल्याचा भाता, एका कोपऱ्यात जुन्या चपला आणि मोटा शिवणारे कारागीर. आत्तार आणि कासार यांचं गिऱ्हाईक बायकांचं. बायकांचा बाजार हा वेगळाच हिशेब होता. घरातला पैसा पुरुषाच्या बंडीच्या खिशात आणि उधारीचं पान त्याच्याच नावावर. बाईकडे होती ती ज्वारी. पदराच्या ओच्यात शेर-दोन शेर ज्वारी घेऊन ती बाजाराला येई, ती दुकानदाराच्या पोत्यात रिकामी करी आणि त्या बदल्यात चहापत्ती, साखर, कुंकू, पोरासाठी गोळ्या घेऊन जाई. भाव दुकानदार ठरवी, अर्थातच कमी. पण या व्यवहाराची कुठेही नोंद नसे आणि तोच त्याचा उपयोग होता. नवऱ्याला, सासऱ्याला न कळता बाईला जे काही विकत घेता येई, ते या ज्वारीवर. रोख पैसा वाढला तसा हा बाजार आपोआप संपला. त्याची आठवण काढणाऱ्या म्हाताऱ्या बाया हसतात, पण भावाची तक्रार अजून करतात.

निजामाच्या काळातली गल्ली पाहिलेली माणसं आता जवळजवळ उरलेली नाहीत. तिच्या गोष्टी मात्र घरोघर आहेत. त्या वेळी खिशात दोन तऱ्हेचे रुपये असू शकत. हैदराबाद संस्थानाचा हाली सिक्का आणि ब्रिटिश हद्दीतला कलदार. शंभर कलदाराला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सोप्या हिशेबाने सात हाली बरोबर सहा कलदार. जालन्याचा आडत्या मुंबईशी व्यवहार कलदारात करी आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला हालीत पैसे देई. या दोहोंच्या मधे जो बसला त्याला बट्टा सुटे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, तरी हाली पुढे काही वर्षं गल्ल्यांत खुळखुळत राहिला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. १९५८ पासून किलोग्रॅम येऊ लागला आणि १९६२ पर्यंत तो सक्तीचा झाला. शेर, पायली, मण यांचे हिशेब तोंडपाठ असलेल्या पिढीला दहा वर्षांच्या आत रुपया, आणा आणि शेर या तिन्हींचा हिशेब नव्याने शिकावा लागला. धान्य मोजायची पायली घरोघरी मात्र पुढे कितीतरी वर्षं टिकली. आजही पेरणीचं बी काही जण पायलीने सांगतात.

माल यायचा तो रेल्वेने. मनमाड-सिकंदराबाद हा निजामाचा रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला. घनसावंगी गाव त्या मार्गावर नाही, पण रांजणी आणि पारडगाव ही स्टेशनं याच तालुक्यात. तिथून किंवा जालन्याहून बैलगाडीने मीठ, गूळ, कापडाचे गठ्ठे, खिळे-पत्रे येत आणि उलट दिशेने कापूस, ज्वारी, तूर जाई. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट चिखलाने बंद पडे. म्हणून मृगाच्या आधी चार महिन्यांचा माल भरून ठेवावा लागे. मीठ आणि काडेपेटी आधी, बाकीचं नंतर. चार महिन्यांचा माल म्हणजे चार महिन्यांचं भांडवल अडकलेलं. दुकानदारही जालन्याच्या घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवरच माल आणायचा. गल्लीतली वही ही एका लांब साखळीची शेवटची कडी होती. जालन्याला आवळलं की घनसावंगीला श्वास कोंडायचा.

आता ती वही जवळून पाहू. लांबट, लाल कापडी बांधणीची, मधोमध दोरी गुंडाळलेली. पानावर छापील रेघा नाहीत. कोरा कागद उभा दुमडून, घड्या दाबून सळ पाडलेले असत आणि त्या सळांचेच रकाने व्हायचे. वर मधोमध श्री, बाजूला शुभ, लाभ. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, कधी बापाचं नाव, कधी फक्त ओळखीची खूण: मळ्यातला, वडाखालचा, लंगड्या बैलाचा. खाली तिथी आणि वस्तू: तेल, मिरची, लुगडं एक, नांगराचा फाळ, बाळंतपणाचं सामान. रोजचा व्यवहार आधी रोजकीर्दीत जाई, मग फुरसतीत खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर चढे. गल्लीतले बहुतेक मोठे दुकानदार मारवाडी किंवा लिंगायत वाणी. त्यामुळे वही कधी मोडीत, कधी मुडिया लिपीत, काना-मात्रा गाळून लिहिलेली. कचेरीचा कागद निजामाच्या राज्यात उर्दूत. आणि ज्याच्या नावावर कर्ज चढलं त्याला यातलं काहीच वाचता येत नसे. तो अंगठा उठवायचा.

त्या अंगठ्यालाही मुदत होती. साधं देणं तीन वर्षांत वसूल झालं नाही किंवा ऋणकोने नव्याने कबूल केलं नाही, तर कोर्टात ते मुदतबाह्य ठरतं. गल्लीतल्या दुकानदारांनी कायद्याचं पुस्तक उघडलं नसेल, हे कलम मात्र त्यांनी कोळून प्यायलेलं होतं. तिसरं वर्ष सरायच्या आत शेतकऱ्याला बोलावून, चहा पाजून, शिल्लक ओढून नव्या पानावर घेतली जाई आणि खाली पुन्हा एक अंगठा. व्याज मुद्दलात मिळवलेलं असे. चहाचा कप हातात असताना कोणी आकडा विचारत नसे. अशाच पानांवरून पुढे रानं गेली. मी इथे जुन्या सावकारीचं गुणगान करायला बसलेलो नाही. पण एवढं म्हणेन की ही पद्धत नुसत्या लबाडीवर शंभर वर्षं टिकली नसती. बैल मेला, पोरगी न्हाती झाली, घरात मयत झाली, तर रात्री फळी वाजवली की दुकान उघडायचं. दुसरं कोणी उघडत नव्हतं, हेही तितकंच खरं.

उधारीचं वर्ष पाडव्याला सुरू होई. चैत्राच्या पाडव्याला सालगड्याचं साल ठरे, त्याला उचल लागे, ती मालक गल्लीतून आणी. मृगाला बी-बियाणं. आखाडात घरातलं धान्य संपत आलेलं, तेव्हा खावटी. आणि मग पोळा. मराठवाड्यात पोळ्याच्या उधारीला नाही म्हणणारा दुकानदार जन्मायचा होता. श्रावणी अमावास्येच्या चार दिवस आधी गल्ली रंगाने भरून जाई. वेसण, कासरे, मोरक्या, गोंडे, घुंगरमाळा, कवड्यांच्या माळा, बाशिंगं, झुली, शिंगांना लावायचा हिंगूळ आणि नंतरच्या काळात वॉर्निश. स्वतःच्या बायकोला लुगडं पुढच्या वर्षी घेऊ म्हणणारा माणूस बैलाच्या मठाठीसाठी हात आखडत नसे. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक. पोळ्याच्या मालावर नफा चांगला, वसुली मात्र कापूस निघाल्यावर. दसऱ्याला पहिली वेचणी, दिवाळीला थोडा पैसा, संक्रांतीपर्यंत हिशेब. जो संक्रांतीलाही आला नाही त्याच्या घरी मुनीम जाई. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा, पाडव्याला नवी वही. जुन्या शिलका नव्या पानावर उतरवताना दुकानदार ज्याला जे सोडायचं ते सोडून देई. सोडणं फार नसे. पण मेलेल्या माणसाचं, परागंदा झालेल्याचं नाव बाजूला काढलं जाई आणि त्यावर आडवी रेघ पडे.

या सगळ्या घडीला पहिला मोठा तडा गेला १९७२ च्या दुष्काळात. दोन वर्षांची पिकं बुडालेली. मोठ्या दुकानदारांचीही उधारी अडकली आणि जालन्याने हात आखडला. गल्लीने शेवटचं देण्यासारखं होतं ते दिलं आणि मग फळ्या अर्ध्याच उघडू लागल्या. त्याच वेळी रस्त्यांवर, पाझर तलावांवर, नालाबांधांवर सरकारी कामं निघाली. शेतकरी, त्याची बायको, मोठी पोरं, सगळे खडी फोडायला. खाणीच्या गावाशी घनसावंगीचं नातं जुळलं असेल तर ते त्या दोन वर्षांत. दगड फोडायचा, ढीग मोजून घ्यायचा, आठवड्याची हजेरी लागली की मजुरी घ्यायची. लहान पोरांना सुकडी, रेशनवर लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीची चव आजही कोणी चांगली सांगत नाही. पण शेतात राबणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पगारासारखं काही ठरावीक मिळत होतं. गल्लीतल्या हुशार लोकांनी हे लगेच ओळखलं. कामाच्या ठिकाणी पाल टाकून त्यांनी मिरची, मीठ, विडी-काडी विकायला सुरुवात केली, हजेरीच्या दिवशी रोख. पुढे याच कामांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. दुकानदारांच्या घरच्या आठवणींत तो दुष्काळ दोन तऱ्हांनी येतो. एक म्हणजे बुडालेली वसुली. दुसरं म्हणजे रोखीच्या धंद्याची लागलेली चटक.

दुष्काळाच्या त्याच सालापासून, १९७२ पासून, कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याचा कापूस आडत्याच्या ओट्यावर न जाता सरकारी केंद्रावर जाणार होता. ज्याच्या वहीवर कर्ज त्याच्याच दारात कापूस, ही गल्लीची जुनी साखळी त्यामुळे तुटायची होती. ती तुटली, पण अर्धवट. कारण चुकारा. केंद्रावर कापूस घातल्यावर पैसे हातात यायला उशीर, वरची रक्कम आणखी उशिरा. मग चुकाऱ्याची चिठ्ठी हातात घेऊन शेतकरी पुन्हा गल्लीत, आणि चिठ्ठीवर माल किंवा कमी भावात रोख. योजना आखणाऱ्यांनी भावाचा विचार केला, वेळेचा केला नाही. गल्ली जगायची ती वेळेवरच.

गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचं भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केलं, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी. डावा कालवा पैठणहून निघून अंबड, घनसावंगी, परतूर करत परभणीकडे जातो, लांबी २०८ किलोमीटर. कालव्याखालच्या गावांत ऊस आला. अंकुशराव टोपे यांच्या पुढाकाराने अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे तीर्थपुरीला त्याचं सागर हे दुसरं युनिट आलं. उसाचं बिल बँकेत जमा होतं. कायद्याने ते चौदा दिवसांत मिळायला हवं. मिळतं तेव्हा मिळतं, पण एकरकमी मिळतं आणि पासबुकावर दिसतं. त्या पैशाने पेठेचा चेहरा बदलला. कापडाच्या दुकानात रेडिमेड आलं, सोनाराकडे गर्दी वाढली, मोटरसायकलच्या सुट्या भागांची दुकानं निघाली. सभासदांना दिवाळीला सवलतीची साखर द्यायची साखर कारखान्यांची रीत, तिने किराणावाल्याच्या दिवाळीच्या विक्रीचा मोठा घास काढून घेतला. कालवा नसलेल्या गावांत मात्र त्याच पैशाच्या उलट्या बाजूने माणसं ऊसतोडीला जाऊ लागली. मुकादमाची उचल दसऱ्याच्या आधी मिळते. ती उचल म्हणजे गल्लीतल्या मागच्या वर्षाच्या उधारीची फेड. कोयता पश्चिम महाराष्ट्रात चालायचा आणि वही इथे भरायची. मुकादम हा गल्लीला नवा प्रतिस्पर्धी होता. त्याने वही ठेवली नाही, माणूसच सहा महिने बरोबर नेला.

मोसंबीचं थोडक्यात सांगतो, कारण ते दुखणं अजून ओलं आहे. जालन्याच्या मोसंबीचं नाव देशभर. अंबड-घनसावंगीत बागा वाढल्या, बागवान दलाल बांधावर येऊन उक्ती बाग घेऊ लागले, हातात नोटा पडू लागल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालूनही बागा वाळल्या. पंधरा-वीस वर्षांचं झाड सरपणाच्या भावाने गेलं.

जुन्या उधारीची जागा पुढे कोणी घेतली हे पाहायचं असेल तर आजच्या रस्त्यावर कृषी सेवा केंद्रांच्या पाट्या मोजाव्या. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको इथेच सुरू केली, त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि ४५० ग्रॅमची थैली सुरुवातीला दीड हजार रुपयांच्या वर विकली गेली. पूर्वी घरचं सरकी-बी पेरणारा शेतकरी आता दर मृगाला विकतच्या बियाण्याच्या रांगेत. खत, कीटकनाशक, तणनाशक सगळं एकाच काउंटरवर आणि पैसे कापूस निघाल्यावर. व्याज असं कोणी म्हणत नाही. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा, एवढंच. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ मध्ये आला. परवाना नसलेल्या सावकारावर तो बडगा उगारतो. थैलीच्या किमतीत मिसळलेलं व्याज त्याला दिसणार कसं? जुन्या वाण्याच्या वहीत बाळंतपणाचं सामानही होतं आणि नांगराचा फाळही. कृषी केंद्राच्या उधारीत फक्त पीक आहे. पोरीच्या लग्नाला, आईच्या दवाखान्याला तिथे पान नाही. त्यासाठी आता बचत गट, मायक्रोफायनान्सचे आठवड्याचे हप्ते, सोन्यावरचं कर्ज आणि मोबाईलवरचं अ‍ॅप. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा या सगळ्यांचे हप्ते एकदम आले. पूर्वी एकाच दारात जाऊन हात जोडायचे होते. ते एक दार सांभाळणारा माणूस दुष्ट असेलही, पण त्याला दुष्काळ पडल्याचं सांगावं लागत नव्हतं.

आणि आता वाळू. घनसावंगी तालुक्याला खाण नाही असं म्हणायचं, पण गोदाकाठच्या लोकांसमोर म्हणू नये. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी इथे नदीवर बंधारे आहेत. जायकवाडीपासून खाली बांधलेल्या साखळीतले हे बंधारे पाण्यासाठी बांधले आणि त्यांनी काठावर हिरवळ आणली हे खरं. पण वरचं धरण गाळ-वाळू अडवतं, खालचे बंधारे उरलेली अडवतात, आणि शहरांना वाळू लागतेच. नदी भरत नाही त्या वेगाने उपसली जाते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ब्रासचा भाव हा इथल्या पोरांना कापसाच्या भावाआधी कळतो. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने वाळू डेपोंचं धोरण आणलं, ६०० रुपये ब्रास आणि घरकुलवाल्यांना मोफत. रात्रीचे ट्रॅक्टर आणि हायवा त्याने थांबले असं कोणी सांगणार नाही. पकडायला गेलेल्या महसूल पथकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या वाळूपट्ट्यांतून येतच असतात.

वाळूचा पैसा पेठेत कसा दिसतो? तो रोख असतो, रात्री येतो आणि घाईत असतो. कापसाच्या पैशाला वाट बघायची सवय, याला ती नाही. त्यामुळे त्याच्याभोवती वाढलेली दुकानंही वेगळी: उशिरापर्यंत उघडे ढाबे, टायर, डिझेल, जेसीबीचे सुटे भाग, महागडे मोबाईल. बल्लारपूरच्या पेठेसारखं हे वाटेल, पण तिथे प्रॉव्हिडंट फंड आहे, कामगार संघटना आहे, अपघात झाला तर नोंद आहे. इथे नदीपात्रात माणूस दबला तरी त्याचं नाव कोणत्याच हजेरीपटावर नसतं. खाणीचे सगळे तोटे आहेत, खाणीचा पगार नाही. या गावांना खाणकामगारांचे हक्क द्यावेत असं कोणी म्हणत नाही, कारण मग आधी खाण असल्याचं कबूल करावं लागेल.

जुन्या बाजारगल्लीत आज गेलात तर फळ्यांची दुकानं हाताच्या बोटांवर. धाब्यांवर स्लॅब पडले, ओटे रस्ता रुंदीकरणात गेले. मोठी दुकानं मुख्य रस्त्यावर, बसस्थानकाच्या बाजूला सरकली. काही घरांतली पुढची पिढी जालना, संभाजीनगर, पुण्याला गेली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा बंद झाल्या आणि वर्षभरात जुलै २०१७ ला जीएसटी आला. लहान किराणावाल्याला पहिल्या धक्क्याने रोखीचा, दुसऱ्याने कागदाचा त्रास झाला. आता गल्ल्याजवळ क्यूआर कोडची पाटी, आणि पैसे जमा झाल्याचं मराठीत ओरडून सांगणारा छोटा डबा. म्हातारा दुकानदार तो डबा ओरडला की दचकतो. आजही तो दोन-चार घरांना उधार देतो. पण वहीत लिहीत नाही, मोबाईलमध्ये नातू लिहून ठेवतो आणि महिनाअखेरीला संदेश पाठवतो. संदेशाला अंगठा येतो. निळा.

जुन्या वह्या कुठे गेल्या, हे विचारत मी गल्लीत फिरलो तेव्हा उत्तरं साधारण सारखीच मिळाली. काही वाळवीने खाल्ल्या. काही घर पाडताना मातीत गेल्या. काहींच्या पुड्या झाल्या. पुष्कळशा दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने रद्दीत गेल्या आणि अजून जात आहेत. एका दुकानदाराने कर्जमाफीच्या काळात जाणूनबुजून जाळल्या, कोणी चौकशीला आलं तर नको म्हणून. ज्या उरल्या त्या माळ्यावर, मोडी किंवा मुडिया वाचणारं घरात कोणी नाही.

या वह्यांत जे आहे ते सरकारी दप्तरात कुठेच नाही. दुष्काळाच्या कोणत्या महिन्यात गावाने तेल घेणं बंद केलं, मिलो कधी संपला, कोणत्या साली पहिल्यांदा युरिया उधारीवर गेला, लग्नाचा खर्च कधी वाढला, कोणतं घर कधी परागंदा झालं, हे सगळं तिथे तिथीवार लिहिलेलं आहे. मराठवाड्याचा अर्थव्यवहार जनगणनेच्या तक्त्यांवरून आणि आयोगांच्या अहवालांवरून लिहिला गेला, दुकानाच्या ओट्यावरून लिहिला गेलेला नाही. तेव्हा घनसावंगी, कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, अंबड, परतूर, कुठल्याही पेठेतल्या घरात लाल वह्यांचा गठ्ठा असेल तर यंदाच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याला देऊ नका. संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना फोन करा. नावांची लाज वाटत असेल तर ती झाका, पण आकडे राहू द्या. देणंघेणं केव्हाच मुदतबाह्य झालेलं आहे, त्या पानांवरून आता कोणावर दावा लागणार नाही.